लाल केसांच्या पलीकडे

१९४५ सालच्या मार्च महिन्याची २१ तारीख. हॉलंडमधल्या हार्लेम शहराच्या उत्तर भागात रस्त्यावर तपासणीची एक चौकी होती. तिथे सायकलवरून चाललेल्या एका तरुणीला शिपायांनी थांबविले. काळे केस, डोळ्यांवर चष्मा, बरोबर एक पिशवी. त्या दिवसांत अशा कितीतरी बायका रोज त्या रस्त्याने जात. कुणी बटाट्यांच्या शोधात, कुणी सरपणाच्या. पण या पिशवीतून बंदी असलेल्या वर्तमानपत्राचे अंक निघाले आणि त्यांच्याबरोबर एक पिस्तूलही निघाले. बाईला ॲमस्टरडॅमच्या तुरुंगात टाकण्यात आले. तिथे तिच्या काळ्या केसांच्या मुळाशी खरा रंग डोकावू लागला. तो तांबडा होता. जवळजवळ नऊ महिने जर्मन पोलीस ज्या 'लाल केसांच्या मुलीचा' माग काढत होते, ती आपल्याच कोठडीत बसली आहे हे त्यांना तेव्हा कळले.

१७ एप्रिल रोजी तिला समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. तिचे वय चोवीस वर्षांचे होते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, ५ मे रोजी, हॉलंड मुक्त झाले.

तिचे नाव हॅनी शाफ्ट. आपल्याकडच्या बहुतेक वाचकांच्या कानावरून हे नाव गेले नसेल. युद्धकाळातल्या हॉलंडमधली एकच मुलगी आपल्याला ठाऊक असते, ती म्हणजे ॲन फ्रँक. तिची रोजनिशी आपल्या मुलांनी वाचली, आपणही वाचली, आणि ते योग्यच झाले. पण १९४४ च्या जून महिन्यात ॲन ॲमस्टरडॅमच्या त्या दडलेल्या खोल्यांत बसून लिहीत होती, तेव्हा तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या हार्लेमची ही दुसरी मुलगी कोटाच्या खिशात पिस्तूल घालून सायकल हाकीत होती. एक जगाची झाली, दुसरी आपल्या देशाच्या सीमेबाहेर फारशी गेलीच नाही. ॲनने लिहून ठेवले, हॅनीने ठेवले नाही, हे एक कारण झाले. पण मला वाटते, खरे कारण वेगळे आहे. ॲन मारली गेली. हॅनीने माणसे मारली. अशा मुलीचे काय करायचे, हे आपल्याला नीटसे कळत नाही.

आपल्याकडे अशा वेळी एक शब्द तयार असतो, 'रणरागिणी'. तो एकदा उच्चारला की विचार करायचे काम संपते. बाई देवीच्या चौथऱ्यावर जाऊन बसते, तिच्या हाती तलवार दिली जाते आणि तिला झोप लागत होती का, तिचा हात कापत होता का, ती कोणाला 'नाही' म्हणाली, हे विचारायचे राहून जाते. हॅनीच्या बाबतीत तरी तो शब्द आपण बाजूला ठेवू.

तिचे खरे नाव यानेत्ये योहाना. घरात सगळे 'यो' म्हणत. जन्म १६ सप्टेंबर १९२० चा, हार्लेमचाच. वडील शिक्षक, समाजवादी विचारांचे. थोरली बहीण १९२७ साली घटसर्पाने गेली. उरलेल्या एकुलत्या एका मुलीला आईबापांनी तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपले यात नवल नाही. ही मुलगी लाजाळू आणि अभ्यासू होती. १९३८ मध्ये ती ॲमस्टरडॅम विद्यापीठात कायदा शिकू लागली. त्यावेळच्या राष्ट्रसंघात आंतरराष्ट्रीय कायद्याचे काम करावे, असे तिच्या मनात होते. पुढच्याच वर्षी राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कायदा दोन्ही कागदावरच राहिले.

१० मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. १४ तारखेला रॉटरडॅम बेचिराख झाले आणि दुसऱ्या दिवशी देशाने शरणागती पत्करली. सुरुवातीला जेत्यांनी गोड बोलून पाहिले. मग ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, ओळखपत्रांवर शिक्का आला, १९४२ च्या मे महिन्यात छातीवर पिवळी चांदणी आली आणि त्यानंतर आगगाड्या. हॉलंडमध्ये सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते; त्यांतले १ लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपातल्या कुठल्याच देशात हे प्रमाण इतके नव्हते. डच लोकांचा नीटनेटका कारभार आणि चोख नोंदवह्या मारेकऱ्यांच्या उपयोगी पडल्या, हे ते स्वतःच आता मान्य करतात.

हॅनीच्या वर्गातल्या दोन जिवलग मैत्रिणी ज्यू होत्या. तिचे पहिले 'बंड' म्हणजे चोरी. तिने दुसऱ्यांची ओळखपत्रे पळवली आणि ती या मैत्रिणींच्या उपयोगी आणली. १९४३ च्या वसंतात विद्यार्थ्यांना हुकूम आला की शिकायचे असेल तर जर्मन सत्तेशी एकनिष्ठ राहण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करा. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी सही केली नाही. हॅनीनेही केली नाही. शिक्षण तिथेच थांबले. ती हार्लेमला आईबापांच्या घरी परतली ती एकटी नव्हे. त्या दोघी मैत्रिणींनाही त्याच घरात लपवण्यात आले. एक मुलगी आधीच गमावलेल्या त्या दांपत्याने हे धाडस कोणत्या मनाने केले असेल, याचा विचार मला हॅनीच्या पिस्तुलापेक्षाही जास्त वेळ अडकवून ठेवतो.

ओळखपत्रे चोरणाऱ्या मुलीने शस्त्र का मागितले? याला कारण होते एक भाव, अगदी बाजारातला असतो तसा. १९४३ मध्ये लपलेल्या ज्यू माणसाचा पत्ता देणाऱ्याला, पकडून आणणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर मिळू लागले. बाई असो, म्हातारा असो, तान्हे मूल असो, दर तोच. ॲमस्टरडॅममधल्या एका टोळीने त्या एका वर्षात मार्च ते सप्टेंबर या काळात आठ हजारांहून अधिक माणसे अशी धरून दिली. धरून देणारे जर्मन नव्हते, डच होते, शेजारी होते. न्यायालये शत्रूच्या ताब्यात, पोलीस शत्रूच्या पगारावर. आज ज्याने तीन घरे दाखवली तो उद्या चौथे दाखवणार, हे सगळ्यांना ठाऊक. कायदा शिकलेल्या मुलीने याचे उत्तर कायद्याबाहेर शोधले.

ती 'प्रतिकार मंडळ' या गुप्त संघटनेकडे गेली. या मंडळींचे साम्यवाद्यांशी जवळचे संबंध होते. हे पुढे महत्त्वाचे ठरते. तिची परीक्षा अशी घेण्यात आली: हातात पिस्तूल दिले आणि समोरून येणारा माणूस जर्मन गुप्तहेर आहे, त्याला उडव, असे सांगितले. तिने चाप ओढला. नुसताच आवाज झाला. पिस्तूल रिकामे होते आणि 'गुप्तहेर' म्हणजे तिच्या तुकडीचा म्होरक्या फ्रान्स फान दर वील हाच होता. परीक्षेत ती उत्तीर्ण झाली, पण फसवल्याबद्दल त्याच्यावर चांगलीच संतापली म्हणतात.

या तुकडीत तिला दोन बहिणी भेटल्या, ट्रूस आणि फ्रेडी ओव्हरस्टेगेन. ट्रूसचा जन्म १९२३ चा, फ्रेडीचा १९२५ चा. त्यांची आई नवऱ्यापासून वेगळी झालेली, गरीब, पक्की साम्यवादी. तिने आधीपासूनच निर्वासितांना घरात आसरा दिला होता. फान दर वील १९४१ मध्ये मुलींना मागायला घरी आला, तेव्हा तिने परवानगी दिली. काहीही झाले तरी माणूसपण सोडू नका, एवढेच मुलींना बजावले. धाकटी फ्रेडी दोन वेण्या घातल्या की बारा वर्षांची दिसे. तिच्यावर कोण संशय घेणार?

संशय कोण घेणार, हाच साऱ्या कामाचा पाया होता. १९४३ च्या मे महिन्यापासून १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना जर्मनीत वेठीला जाण्यासाठी नोंदणीची सक्ती झाली. त्यामुळे त्या वयाचा पुरुष रस्त्यात दिसला की त्याला अडवणार, कागद मागणार. बाई मात्र बाजाराला निघालेली असणार, आईला औषध आणायला निघालेली असणार. मग बाबागाडीत बाळाच्या दुपट्याखाली शस्त्रे जाऊ लागली, सायकलच्या पिशवीत कांद्यांखाली छापील पत्रके जाऊ लागली. ज्यू मुलांना या घरातून त्या घरात पोचवायचे काम बहुतांशी बायकांनी केले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नावाचून सुमारे वीस हजार माणसे दगावली, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. त्या दिवसांत अन्नासाठी मैलोन् मैल सायकल मारणाऱ्या बायकांच्या झुंडीत या बायका सहज मिसळून जात. बाई म्हणजे दखल घेण्यासारखे काही नव्हे, ही शत्रूची समजूत त्यांनी चिलखतासारखी वापरली.

हॅनी, ट्रूस आणि फ्रेडी या मात्र त्यापुढे गेल्या. सायकलवर दोघी, पुढची चालवणार, मागची गोळी झाडणार. कधी दारूच्या गुत्त्यात एखाद्या अधिकाऱ्याशी लाडेलाडे बोलून त्याला हार्लेमच्या रानात फिरायला न्यायचे आणि तिथे दबा धरून बसलेल्या साथीदाराने त्याचा निकाल लावायचा. हे वाचताना आपल्याला चित्रपट पाहिल्यासारखे वाटते. त्यांना तसे वाटत नव्हते. दोघी बहिणींपैकी आधी गोळी झाडावी लागली ती धाकट्या फ्रेडीला. समोरचा माणूस कोसळला की त्याला उठवायला पुढे धावावेसे वाटते, असे तिने म्हातारपणी सांगितले. किती जणांना मारले असे कुणी विचारले तर तिचे उत्तर ठरलेले असे; सैनिकाला हा प्रश्न विचारायचा नसतो. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षे तिला धड झोप येत नसे. ट्रूसनेही अशा कामगिरीनंतर आपण रडलो हे लपवले नाही. हॅनी कामगिरीवर निघण्यापूर्वी आरशासमोर उभी राहून ओठ रंगवी, पावडर लावी. मरायचेच तर नीटनेटके मरावे, असे तिचे म्हणणे. ही आठवण ट्रूसची. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पोरकट वाटली. आता वाटते, रोज मरायच्या तयारीने घराबाहेर पडणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीला मन ताळ्यावर ठेवायला काहीतरी हवेच होते.

या कामाची किंमत दुसऱ्यांनाही मोजावी लागे, आणि ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी टाळू नये. २१ जून १९४४ ला झानदाममध्ये हॅनी आणि तिचा साथीदार यान बोनेकांप यांनी जर्मनांना सामील असलेल्या एका डच पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला केला. हॅनी गोळी झाडून निसटली. मागून आलेला बोनेकांप त्या अधिकाऱ्याच्या गोळीने घायाळ होऊन पकडला गेला आणि मरता मरता त्याच्याकडून तिचे नाव काढून घेण्यात आले. जर्मनांनी तिच्या आईवडिलांना उचलून व्हुख्टच्या छळछावणीत टाकले. मुलीने शरण यावे म्हणून. ती गेली नाही. पुढे दोघांची सुटका झाली, पण मधल्या काळात ती पार खचली होती, तिचे काम बंद पडले होते. केसांना काळा रंग आणि नाकावर चष्मा आला तो या प्रकारानंतर.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २५ तारखेला हार्लेममध्ये फाके क्रिस्ट नावाच्या कुप्रसिद्ध पोलिसाला मारण्यासाठी हॅनी आणि ट्रूस टपून बसल्या होत्या. त्यांच्या आधी दुसऱ्याच एका गटाने त्याला टिपले. दुसऱ्या दिवशी जर्मनांनी दहा कैदी त्या जागी आणून लोकांसमोर गोळ्या घालून ठार केले आणि आजूबाजूची घरे पेटवली. त्या दहा जणांचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. गोळी या दोघींची नव्हती हा निव्वळ योगायोग. असे होणार हे माहीत असूनही मारावे का? सुरक्षित काळात, सुरक्षित खुर्चीत बसून या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याचा मला विश्वास वाटत नाही, मग ते उत्तर 'हो' असो की 'नाही'. पण हा प्रश्न त्या मुलींना पडत नव्हता असे समजणे म्हणजे त्यांचा अपमान आहे.

त्यांना तो पडत होता याला पुरावा आहे. हॉलंडचा सर्वेसर्वा जर्मन अधिकारी होता आर्थर झाइस-इन्क्वार्ट. त्याच्या मुलांना पळवून न्यावे आणि त्यांच्या बदल्यात आपले कैदी सोडवावेत, अशी कामगिरी या तिघींना सांगण्यात आली. बेत फसला तर मुले मरणार हे उघड होते. तिघींनी नकार दिला. मुलांना मारणारे ते नाझी, आपण नव्हे, हे त्यांनी साफ सांगितले. ज्या राजवटीने लाखो मुले मारली तिच्या प्रतिनिधीची ही मुले होती, समोर आपल्याच वरिष्ठांचा हुकूम होता, आणि नकार देणाऱ्या कोण, तर विशी-पंचविशीच्या पोरी. हॅनीने झाडलेल्या गोळ्यांवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाला. मला मात्र तिची ओळख या न केलेल्या कामगिरीत अधिक पटते.

युद्ध संपले आणि हार्लेमजवळच्या त्या वाळूच्या टेकड्या खणण्यात आल्या. ४५ खड्ड्यांत ४२२ देह सापडले. ४२१ पुरुष आणि एक स्त्री. २७ नोव्हेंबर १९४५ रोजी ब्लूमेंडालच्या सन्मान-दफनभूमीत राणी विल्हेल्मिना यांच्या उपस्थितीत हॅनीचे सरकारी इतमामाने दफन झाले. अवघा देश हळहळला.

पण ही हळहळ सहा वर्षेही टिकली नाही. अमेरिका आणि रशिया यांच्यात शीतयुद्ध सुरू झाले, साम्यवादी म्हटले की डच सरकारच्या कपाळाला आठी पडू लागली, आणि हॅनीच्या संघटनेचा साम्यवाद्यांशी असलेला संबंध एकाएकी सगळ्यांना आठवला. १९५१ मध्ये तिच्या समाधीकडे निघालेल्या स्मृतियात्रेवर बंदी घालण्यात आली. जुने साथी फुले घेऊन आले तर वाटेत पोलीस आणि सैनिक चिलखती गाड्यांसह उभे. चोवीस वर्षांच्या मृत मुलीला फुले वाहू नयेत म्हणून तिच्याच मुक्त देशाने फौज बाहेर काढली! साम्यवाद्यांनीही तिला आपल्या पक्षाची संत करून टाकले, हे खरेच. दोन्ही बाजूंच्या ओढाताणीत हॅनी कुठे उरली नाही.

उरलेल्या बायकांचे तरी काय झाले? त्यांना कुणी फारसे विचारले नाही. तपासणी चौकीवरच्या शिपायाला जशी सायकलवरची बाई दिसत नव्हती, तशीच ती युद्धानंतर इतिहासकारांनाही दिसली नाही. पिस्तूल चालवले, ते 'पुरुषांचे' काम. बाकी निरोप पोचवले, मुले सांभाळली, जेवण केले, ते तर बायका करतातच. सिंहासनावर स्त्री असलेल्या त्या देशात १९५६ साली कायदा बदलेपर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीखेरीज बँकेत खाते उघडता येत नव्हते. ट्रूसने १९४५ मध्येच लग्न केले. शत्रूच्या नाकावर टिच्चून शस्त्रे वाहून नेणारी ही बाई कायद्याच्या दृष्टीने अज्ञान ठरली.

हॅनीवर १९५६ मध्ये कादंबरी आली, १९८१ मध्ये तिच्यावरून चित्रपट आला. दोन्हींचे नाव एकच, 'लाल केसांची मुलगी'. जर्मन पोलिसांच्या फायलीत तिचे वर्णन असेच होते. शत्रूने ओळख पटवायला वापरलेली खूण तिच्या देशाने तिचे नाव म्हणून स्वीकारली, यात कुणाला काही खटकले नाही. एखाद्या पुरुष क्रांतिकारकाला आपण केसांच्या रंगावरून ओळखतो का?

१९८२ मध्ये हार्लेमच्या केनाऊ पार्कमध्ये हॅनीच्या स्मरणार्थ 'प्रतिकारातली स्त्री' हा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. तो घडवला ट्रूसने. युद्धानंतर ती शिल्पकार झाली होती. या उद्यानाला ज्या केनाऊ हासेलारचे नाव आहे तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश फौजेने हार्लेमला वेढा घातला, तेव्हा लाकडाचा व्यापार करणारी ही विधवा तटावर लढायला उभी राहिली अशी आख्यायिका आहे. गावाने तिला मोठा मान दिला. आणि डच भाषेने? आज डच भाषेत एखाद्या बाईला 'केनाऊ' म्हणतात ते ती भांडखोर, दांडगट, पुरुषी असेल तर. चारशे वर्षांत वीरांगनेची शिवी झाली. हॅनीचा पुतळा नेमका तिच्याच बागेत आहे. जागा निवडणाऱ्याच्या मनात हे आले असेल की नाही कोण जाणे.

ओव्हरस्टेगेन भगिनींना त्यांच्या लढाऊ कामगिरीबद्दल सरकारी पदक मिळाले ते २०१४ साली, पंतप्रधान मार्क रुटे यांच्या हस्ते. ट्रूस तेव्हा नव्वदीत होती, फ्रेडी ऐंशीच्या घरात. ट्रूस १८ जून २०१६ ला गेली. फ्रेडी ५ सप्टेंबर २०१८ ला, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

'हॅनी' हे खरे म्हणजे तिचे टोपणनाव. भूमिगत कामासाठी घेतलेले, जर्मनांना चकवण्यासाठी. आईवडिलांसाठी ती शेवटपर्यंत 'यो'च होती. युद्धानंतर ट्रूसला पहिली मुलगी झाली, तेव्हा तिने ते खोटे नाव सरकारी जन्मनोंदीत घातले. मुलीचे नाव तिने हॅनी ठेवले.